भिडेखातर

घाटकोपर, मुलुंड किंवा मालाडच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याजवळ कधी कधी एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर काचेचा खोका आणि कुपनांचा गठ्ठा. नाव, मोबाइल, वय, लग्न झालंय का, क्रेडिट कार्ड आहे का, एवढं भरून कुपन खोक्यात टाकायचं. मग एके दिवशी फोन येतो. अभिनंदन, लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागलाय, गोव्यात तीन दिवस-दोन रात्री मोफत. व्हाउचर घ्यायला रविवारी अंधेरीतल्या अमुक हॉटेलात या. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं.

ऐकायला ही अट मानाचं आमंत्रण वाटते. पण सगळी मेख तिच्यातच आहे. नकार देण्याची आपल्याकडे एक जुनी, सभ्य रीत आहे : ‘घरी विचारून सांगतो.’ समोर विमा एजंट असो की कर्जतचा प्लॉट विकणारा, या वाक्यानं कुणाचं मन दुखावत नाही आणि आपलीही सुटका होते. जोडीनं बोलावलं की हे वाक्य दारातच काढून घेतलं जातं. ज्या घराला विचारायचं, ते घर शेजारच्या खुर्चीत चहा पीत बसलेलं असतं.

आत हॉलभर गोल टेबलं. गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की नवरा-बायकोला एकमेकांशी हळू बोलता येऊ नये. टाय लावलेला तरुण आधी तुमचं आडनाव विचारतो आणि लगेच मराठीत येतो : ‘सर, मीपण रत्नागिरीचाच.’ मग मुलं किती, गेल्या मे महिन्यात कुठे गेला होता, हॉटेलवर किती खर्च झाला. हळूच एक आकडा कागदावर येतो. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस, देशभरातली रिसॉर्ट्स. मध्येच माइकवरून घोषणा होते, अमुक टेबलवरचे सर-मॅडम आपल्या परिवारात सामील झाले, जोरदार टाळ्या! तुम्ही का-कू केलीत की मॅनेजर येतो. तो जुना आकडा खोडून नवा लिहितो. हा भाव फक्त आज, या टेबलावर.

इथे आपण कारणं द्यायला लागतो आणि तिथेच फसतो. पैसे नाहीत म्हणावं, तर ईएमआय आहे. सुट्टी मिळत नाही म्हणावं, तर न वापरलेले दिवस पुढच्या वर्षी घ्या. मुलं लहान आहेत म्हणावं, तर हेच फिरायचं वय. प्रत्येक कारणाचं उत्तर त्याला प्रशिक्षणात पाठ करून दिलेलं असतं. फक्त ‘नको’ या उत्तराला त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण त्यात पकडायला कारणच नसतं. पण ते आपल्या तोंडून निघत नाही. दोन तास बसलो, त्यांचे समोसे खाल्ले, बिचारा पोरगा एवढा बोलला, आता उठायचं कसं? भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या सांगत आल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर उसनवारी असेल. या हॉलमध्ये तीच भीड क्रेडिट कार्डाच्या मशीनपर्यंत घेऊन जाते.

या सदस्यत्वाच्या व्यवहाराला टाइमशेअर म्हणतात. तो मुळात फसवणूक नव्हे. साठच्या दशकात युरोपात ही कल्पना रुजली. आपल्याकडे असं सदस्यत्व विकणाऱ्या कंपन्यांपैकी स्टर्लिंगची स्थापना १९८६ची, क्लब महिंद्राची १९९६ची. कित्येक महिने आधी बेत ठरवून नेमानं जाणारी कुटुंबं सदस्यत्वाचा पुरेपूर उपयोगही करतात. प्रश्न आहे तो हिशेबाला वेळ मिळतो की नाही, हा. समजा, सदस्यत्व चार लाखांचं आणि वार्षिक देखभाल शुल्क पंधरा हजार. हेच चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला अठ्ठावीस हजार व्याज येतं. वाचलेले पंधरा हजार त्यात मिळवा. दरवर्षी त्रेचाळीस हजार सहलीला हाताशी आणि मुद्दल जागच्या जागी. हवं तिथे जा, नको त्या वर्षी घरी बसा. देखभाल शुल्क वाढत जातं, शाळेच्या सुट्टीतले दिवस हवे असतील तर सदस्यत्व महागड्या हंगामाचं घ्यावं लागतं, जेवणखाण आणि प्रवास वेगळाच. हे गणित बोरिवलीची कुठलीही गृहिणी डायरीच्या मागच्या पानावर मांडेल. त्यासाठी फक्त एक निवांत संध्याकाळ लागते. तीच नेमकी त्या टेबलावर मिळत नाही.

भिडेचं दुसरं रूप याहून महाग पडलं. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जनं हॉटेलातल्या ‘रूम नाइट्स’ विकल्या. राहायला न गेलात तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असा तो व्यवहार. भांडवली बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’नं त्याला बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवलं आणि २०१६मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. तोवर पन्नास लाखांहून अधिक लोकांचे सात हजार कोटी रुपये त्यात गेले होते. तिथे गाणी नव्हती, टाळ्या नव्हत्या. एजंट बहुधा ओळखीतलाच, शेजारी किंवा नात्यातला. त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून अनेकांनी पावती फाडली. परक्यानं भीड निर्माण करायला हॉल भाड्यानं घ्यावा लागतो. आपल्या माणसाला तेवढाही खर्च नसतो.

युरोपानं ही मनःस्थिती ओळखून कायदाच केला. २००८च्या निर्देशानुसार तिथे टाइमशेअरचा करार चौदा दिवसांत कारण न देता मोडता येतो आणि त्या मुदतीत विक्रेत्यानं पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे हॉलमध्ये काढून घेतलेला ‘उद्या’ कायद्यानं ग्राहकाला परत दिला. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या करारातच माघारीसाठी थोडी मुदत ठेवतात. ते कलम बारीक अक्षरांत असतं. सही झालीच असेल तर आधी ते शोधावं आणि मुदतीच्या आत लेखी कळवावं. विलेपार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून उभी आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते.

पण या सगळ्या वाटा सही झाल्यानंतरच्या. सहीआधीची वाट आपल्याच जिभेवर आहे. समोरचा तरुणही कुठल्या तरी नालासोपाऱ्याहून, दिव्याहून गर्दीत लोंबकळत आलेला असतो. त्याचा महिना त्याच्या टार्गेटवर चालतो. त्याच्याविषयी वाईट वाटणं साहजिक आहे, पण ती सहानुभूती चार लाखांच्या सहीनं दाखवायची नसते. मनात नसताना दोन तास मान डोलावत बसलं तर त्याची संध्याकाळ वाया जाते आणि आपलीही. पहिल्या पाच मिनिटांत हसून ‘आम्हाला नको’ म्हटलं तर तो मोकळा होतो. आपण ज्याला शिष्टाचार समजतो, तो पुष्कळदा नुसता भित्रेपणा असतो. खरा शिष्टाचार समोरच्याला खोट्या आशेवर ताटकळत ठेवत नाही.

मोफत गोव्याचा फोन आला आणि जायचा मोह झालाच, तर रिक्षात बसतानाच दोघांनी एक गोष्ट ठरवून टाकावी : आज काहीही आवडलं तरी सही उद्या. जी वस्तू आपल्या पुढच्या पंचवीस वर्षांसाठी आहे म्हणतात, तिला सोमवार सकाळपर्यंत थांबायला हरकत नसावी. तिला तेवढं थांबवत नसेल, तर आपला निर्णय तिनंच सोपा केला म्हणायचा.