शमुवेल रात्री कोणाकडे धावेल?



शमुवेल हा शिलो येथील मंदिरात सेवा करणारा मुलगा. एका रात्री त्याला हाक ऐकू आली. ती प्रभूची आहे हे त्याला कळले नाही, म्हणून तो वृद्ध एलीकडे धावला. एलीने त्याला दोनदा परत झोपावयास पाठविले. तिसऱ्यांदाही मुलगा आला, तेव्हा एलीने हाक कोणाची ते ओळखले आणि तिला उत्तर कसे द्यावे हे त्याला शिकविले (१ शमुवेल, अध्याय ३).

एली काही निर्दोष नव्हता. त्याची दृष्टी मंदावली होती; स्वतःच्या मुलांनाही त्याला आवर घालता आला नव्हता. तरी त्या रात्री तीनदा झोपमोड होऊनही तो रागावला नाही. त्याने मुलाला स्वतःकडे धरून ठेवले नाही, प्रभूकडे पाठविले.

मार्च २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील सुमारे ३०० तरुणांना रोम येथे बोलाविले. ऑक्टोबरमध्ये युवकांविषयी धर्मसभा भरणार होती. त्याआधी युवकांचेच ऐकावे हा हेतू. हजारो जण इंटरनेटद्वारे सहभागी झाले. मार्गदर्शक कसा असावा, हेही त्यांनी सांगितले. त्याला उंच आसनावर बसवू नका, तोही चुकणारा माणूस आहे. आम्हाला मागे ओढत नेऊ नका, बरोबर चाला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २५ मार्च २०१९ रोजी पोप महोदयांनी सही केलेल्या ‘ख्रिस्तुस विवित’, म्हणजे ‘ख्रिस्त जिवंत आहे’, या पत्रात त्याची दखल घेतली आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात याचा अर्थ काय? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मोठे मूल धाकट्याला सांभाळण्यासाठी फडावर जाते, किंवा आजीजवळ गावी राहते. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याची आईबापांना भीती वाटते. शिवाय कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणून लग्न लवकर उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. त्या प्रत्येकीनेही कधीतरी कोणाकडे तरी धाव घेतली असेल. दार उघडणारा कोणी होता का?

दार उघडणारी माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांनी सन २००० मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ‘शांतिवन’ सुरू केले. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. परंतु मूल तेथवर पोहोचण्यासाठी गावातील एका मोठ्या माणसाला त्याचे नाव, त्याची इयत्ता आणि त्याची भीती ठाऊक असावी लागते.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने एका तरुणाची किंवा तरुणीची ओळख धरावी, अशी विनंती आहे. तो ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. आठवड्यातून एकदा विचारपूस करा. आधी ऐका, उपदेश मागाहून. सणाला खुर्च्या मांडण्यासाठी ज्यांना आपण हाक मारतो, त्यांना निर्णय घेण्याच्या बैठकीतही बसवा. आणि जे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, ते एलीप्रमाणे पुढे सोपवा: बालविवाह ठरत असेल किंवा मूल संकटात असेल तर १०९८, आणि मन खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर कळवा. दोन्ही सेवा विनामूल्य आहेत.

हे प्रभो, आमच्या मुलांना तुझी हाक ऐकू येऊ दे. आणि ती रात्री-अपरात्री आमच्या दारी आली, तर आम्हाला जागे ठेव. आमेन.