पाहुण्या विद्यार्थ्याचें ऋण

अमेरिकेंतील पुष्कळ महाविद्यालयांनीं आपल्या विद्यार्थ्यांस एक सत्र परदेशीं घालविण्याची सोय करून दिलेली आहे, आणि अशा परदेशांत आयर्लंडला बरीच मागणी असते. विद्यार्थ्यांचा एक मेळा तीन-साडेतीन महिने तिकडे जाऊन राहतो. आठवड्यांतून कांहीं दिवस व्याख्यानें, उरलेले दिवस डोंगर, समुद्रकिनारे, दलदली आणि जुने मठ. अभ्यासाचा विषय आयरिश संस्कृति व निसर्ग. आमच्या हाताखालीं शिकून पुढें अमेरिकेस गेलेल्या एका विद्यार्थिनीनें असें एक सत्र नुकतेंच पुरें केलें. इतकी निर्मळ, माणसाचा हात न लागलेली भूमि आपण जन्मांत पाहिली नव्हती, असें तिनें आम्हांस पत्रांत कळविलें. तिच्या आनंदावर विरजण घालावें असें आमच्या मनांत आलें नाहीं. परंतु त्या एका वाक्यापाशीं मन अडलें तें अडलेंच. पश्चिम आयर्लंडांत माणसाचा हात लागला नाहीं अशी जागा शोधूनहि सांपडणें कठीण. हात लागला होता. ते हातच पुढें नाहींसे झाले. जी भूमि दुसऱ्यांच्या हालांनीं ओस पडली, तिचें ओसाडपण सुंदर म्हणून उपभोगण्याचा पाहुण्यास अधिकार आहे काय, असा हा प्रश्न आहे, आणि तो दिसतो तितका सोपा नाहीं.

आमच्या वडीलधाऱ्या पिढ्यांनीं आयर्लंड पाहिलें नव्हतें, वाचलें होतें. न. चिं. केळकर यांनीं आयर्लंडचा इतिहास मराठींत लिहिला, तो तेथील धुक्याचें वर्णन करण्याकरितां खास नव्हे. त्या काळच्या वाचकास आयर्लंड म्हणजे दुष्काळ, जमीनदार आणि स्वराज्याची चळवळ. आजच्या विद्यार्थ्यास आयर्लंड म्हणजे हिरवळ, सारंगी आणि समुद्राचा वारा. दोन्ही चित्रें अपुरीं आहेत. मात्र पहिलें चित्र अपुरें आहे हें वाचकास ठाऊक असे. दुसरें डोळ्यांनीं पाहिलेलें असल्यामुळें तें पुरें आहे असा भ्रम होतो.

1841 च्या शिरगणतींत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे 81 लक्ष 75 हजार भरली होती. 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचें सारें जेवण त्या एका पिकावर अवलंबून होतें. धान्य व गुरें देशाबाहेर जात होतींच. सुमारे 10 लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं, त्याहून अधिक जहाजांत बसून निघून गेलीं, आणि 1851 सालीं शिरगणति झाली तेव्हां आंकडा साडेपांसष्ट लक्षांवर आला. पुढेंहि देशत्याग थांबला नाहीं. बेटाच्या दोन्ही भागांतील माणसें एकत्र मोजलीं तरी तो 1841 चा आंकडा आजतागायत गांठला गेलेला नाहीं. सायंकाळचें तिरपें ऊन पश्चिमेकडील डोंगरउतारांवर पडलें म्हणजे गवताखालून समांतर वरंब्यांच्या ओळी उठून दिसतात. हे बटाट्याचे जुने वाफे. कुदळीनें खणलेले आणि समुद्राचें शेवाळ पाठीवरून वाहून आणून भरलेले. आज तेथें मेंढ्या चरतात. पाहुण्याच्या डोळ्यांस तो छायाप्रकाशाचा खेळ मोठा मोहक वाटतो, आणि तो मोहक असतोहि.

बरें, निसर्ग म्हणून ज्याचा निराळा अभ्यास होतो त्याची तरी कथा निराळी आहे काय? क्लेअर परगण्यांतील बरन हा चुनखडीच्या उघड्या दगडांचा प्रदेश. वसंतांत त्या दगडांच्या आसपास जेन्शियनचीं गडद निळीं फुलें उमलतात. आल्प्सच्या थंडींत वाढणारीं आणि भूमध्यसमुद्राकांठच्या उन्हांत वाढणारीं रोपें तेथें शेजारीं शेजारीं नांदतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास याहून मोठें भाग्य तें कोणतें! परंतु हे दगड उघडे पडण्यास हजारों वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांची वृक्षतोड व गुरचराई मोठ्या प्रमाणांत कारण झाली. झाडें गेलीं आणि मागाहून माती वाहून गेली. आणि तीं फुलें आज टिकून आहेत तींहि शेतकऱ्यामुळेंच. इतरत्र गुरें उन्हाळ्यांत डोंगरावर नेतात, बरनमध्यें तीं हिवाळ्यांत नेतात. दगड उन्हाची ऊब धरून ठेवतात, गुरें जुनें गवत खाऊन साफ करतात, आणि वसंतांत बारीक रोपांस उजेड मिळतो. जेथें ही चराई बंद पडली तेथें हेझलचीं झुडपें माजून फुलें मागें हटलीं. तेव्हां पुस्तकांत 'निसर्ग' आणि 'संस्कृति' अशीं दोन प्रकरणें पाडलीं, तरी बरनच्या गाईस तीं ठाऊक नाहींत.

कोणी म्हणेल, हें रडगाणें आतां पुरे. तेथील लोक स्वतः पाहुण्यांस बोलावतात, पुष्कळांचा चरितार्थ पाहुण्यांवर चालतो. त्यांस रडक्या तोंडाचा पाहुणा नको, हसतमुख पाहुणा हवा. या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. शिवाय दुःख हीहि पाहुण्यास विकण्याची वस्तु होऊं शकते. अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशीं पडक्या दगडी घरांची लांब रांग आहे. ती दुष्काळांत ओस पडली असें ऐकलें कीं पाहुणा हळहळतो, छायाचित्र घेतो आणि पुढील स्थळाकडे वळतो. वस्तुतः तें गांव एका तडाख्यांत ओस पडलें नाहीं. आणि पुढें विसाव्या शतकांतहि उन्हाळ्याच्या दिवसांत लोक गुरें घेऊन त्यांतील कित्येक घरांत राहावयास येत असत. हळहळणाऱ्यासहि विचारपूस नको असते. त्यास सुबक दुःख हवें असतें, जसें दुसऱ्यास सुबक निर्मळपण हवें असतें. आमच्या मतें आनंदांत दोष नाहीं. दोष आहे तो 'हात न लागलेली' या शब्दांत. कारण एकदां तो उच्चारला म्हणजे हात कोणाचा होता हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. पाहुण्यावर जें ऋण चढतें तें विचारपुशीचें, आणि तें अश्रूंनीं फिटत नाहीं.

तें फेडणारे पाहुणे झालेले आहेत. टिम रॉबिन्सन हा इंग्रज, केंब्रिजचा गणितज्ञ व पुढें चित्रकार, 1972 सालीं लंडन सोडून अ‍ॅरन बेटावर राहावयास गेला. तेथील टपालकचेरी सांभाळणाऱ्या बाईंनीं सुचविल्यावरून त्यानें बेटाचा नकाशा हातीं घेतला. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें मोजणी केली तेव्हां आयरिश नांवें इंग्रजी वर्णांत कशीबशी बसविलीं गेलीं होतीं, आणि पुष्कळांचा अर्थ त्यांत हरवला होता. रॉबिन्सन आयरिश भाषा शिकला, बांधाबांधानें हिंडला, म्हाताऱ्यांस विचारीत गेला आणि एकेका खडकाचें, एकेका झऱ्याचें नांव मूळच्या रूपांत कागदावर उतरवूं लागला. पुढें त्यानें बरन व कॉनेमारा यांचेहि नकाशे केले. 2020 सालीं तो वारला. मोजणीदारांच्या हातून जें बिघडलें तें सुधारण्यासाठीं त्यांच्याच देशाचा एक माणूस इतकीं वर्षें पायपीट करतो, यांत आम्हांस मोठें न्याय्य कांहीं दिसतें.

यावर उत्तर येईल कीं, त्यास सारें आयुष्य मिळालें, विद्यार्थ्यास एकच सत्र. पण ब्लास्केट बेटाची हकीकत पाहा. कार्ल मार्स्ट्रांडर हा नॉर्वेचा तरुण पंडित 1907 सालीं आयरिश शिकण्यासाठीं तेथें गेला. तोमास ओ'क्रोहन या कोळ्यानें त्यास शिकविलें. मागून 1910 पासून रॉबिन फ्लॉवर, 1923 पासून जॉर्ज थॉमसन असे इंग्रज विद्वान येत राहिले. आपल्या रोजच्या बोलण्यांत लांबून आलेल्या शहाण्या माणसांस इतकें काय दिसतें, याचा त्या बेटावरील लोकांच्या मनावर परिणाम झाल्यावांचून राहिला नाहीं. ओ'क्रोहननें मित्रांच्या आग्रहावरून आपलें चरित्र लिहिलें. तें 1929 सालीं छापलें गेलें आणि फ्लॉवरनें त्याचें इंग्रजी केलें. थॉमसनच्या उत्तेजनानें मॉरिस ओ'सुलिव्हानचें पुस्तक 1933 सालीं निघालें. 1953 सालीं उरल्यासुरल्या वस्तीस बेट सोडावें लागलें. आज उन्हाळ्यांत होडींतून विद्यार्थी तेथें उतरतात तेव्हां त्यांस पडक्या भिंती व समुद्रपक्षी दिसतात, आणि जागा खरोखरच अतिशय सुंदर आहे. परंतु कोणत्या भिंतीआड कोण राहत होतें, कोण कोणाशीं भांडलें, कोणत्या रात्रीं कोणाची होडी परत आली नाहीं, हें त्या पुस्तकांमुळें ठाऊक आहे. मार्स्ट्रांडर तेथें राहिला होता तो कांहीं महिनेच.