पाण्याच्या वाटेचा मोबदला



समृद्धी महामार्ग आमच्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. 11 डिसेंबर 2022 रोजी तो शिर्डीपर्यंत खुला झाला आणि 5 जून 2025 ला पुरा झाला. त्यात माझे वडिलार्जित एक एकर रान गेले. थेट खरेदी होती, पैसे बाजारभावाच्या कितीतरी पट मिळाले. ते मी आनंदाने घेतले, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचे बोलणे लबाडीचे होईल.

आमच्या शिवारात तीन ओहोळ. उन्हाळ्यात कोरडे, नवख्या माणसाला दिसायचेही नाहीत. महामार्गाचा भराव पडला आणि तिघांचे पाणी एका मोरीतून काढले गेले. मोठा पाऊस झाला तेव्हा भरावाच्या वर पाणी तुंबले आणि मोरीच्या तोंडातून असे सुटले, की खालच्या शेतकऱ्याची वीतभर माती खरवडून घेऊन गेले. त्याचा एक गुंठाही रस्त्यात गेला नव्हता, म्हणून त्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. एकादशीला तो देवळात माझ्या शेजारीच बसतो. म्हणाला, "महाराज, तुम्हाला पैसे आले, मला पाणी आलं."

तेव्हापासून मन विचारते, यात माझा दोष किती? भराव मी घातला नाही, नकाशा मी काढला नाही. निमित्तमात्र या शब्दावर मी चाळीस वर्षे निरूपण केले आहे. त्याच शब्दाच्या आडोशाला बसणे सोपे होते. पण भगवंतांनी तो शब्द अर्जुनाला कर्तव्यापासून पळू नये म्हणून सांगितला, सुटकेसाठी नव्हे. आणि खरी गोष्ट अशी, की मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी मोसंबीची झाडे मोजली, विहीर लिहून घेतली. पाण्याची वाट त्यांनी विचारली नाही. मला ती ठाऊक होती. मी बोललो नाही, कारण बोललो तर खरेदी लांबेल अशी धास्ती होती. गप्प बसण्याचेही पैसे मला मिळाले, असेच म्हणावे लागेल.

रस्ताच नको, असे माझे म्हणणे नाही. बाळंतिणीला बैलगाडीतून दवाखान्यात नेण्याचे दिवस मी पाहिलेत. रस्ता करतानाही सांभाळता येते. शेजारच्या बुलढाण्यात तलावांचा गाळ-मुरूम काढून महामार्गाच्या भरावाला वापरला. रस्त्याला माती मिळाली, तलावाला खोली. त्याला बुलढाणा पॅटर्न असे नावच पडले. याच समृद्धीवर वन्यप्राण्यांना ओलांडण्यासाठी उन्नत आणि भुयारी वाटा ठेवल्या आहेत. हरणाची वाट नकाशावर येते, तर ओहोळाची का येऊ नये?

आमचे कडवंची गाव आठवा. तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत अख्खे पाणलोट एक धरून काम झाले, म्हणून 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळत असताना तिथल्या द्राक्षबागा उभ्या राहिल्या. रस्त्याची आखणी रेघेने होते, पाणी मात्र सगळ्या उतारावरून येते. शिवाय पाऊसही आता पूर्वीचा राहिला नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने काय भोगले ते सगळ्यांनी पाहिले. जुन्या पावसाच्या हिशेबाने ठेवलेली मोरी नव्या पावसाला कशी पुरणार?

मुक्ताईंची पालखी देऊळगाव राजाहून जालन्याला येते, अंबडकडे जाते. तिची वाट अडवायची कोणाची छाती नाही. दिंडीत आम्ही एकमेकांची रांगसुद्धा तोडत नाही. ओहोळापुढे टाळ-मृदंग वाजत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता जालना-नांदेड महामार्ग परतूर-मंठ्याकडून जाणार आहे. तिकडच्या माळकऱ्यांना माझे सांगणे, मोजणी येईल तेव्हा मोबदल्याच्या आकड्याआधी ओहोळ दाखवा. आपल्या बांधाखाली ज्याचे रान आहे, त्यालाही सोबत न्या.

मोबदल्यातून खालच्या शेताला दगडी बांध घालून देतो, असे मी त्या शेजाऱ्याला म्हटले आहे. तो अजून हो म्हणालेला नाही. परवाच्या एकादशीला मात्र माझ्या शेजारीच बसला होता.