दोन हौद, दोन काठ्या

सांगोल्याकडच्या माळावर दोघा भावांचं डाळिंब होतं. जमीन वाटून झाली, भांडीकुंडीही वाटून झाली. अडलं ते दोन बोरांवर. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. दोन्हींपाशी एकाच गवंड्यानं बांधलेले, एकाच मापाचे हौद: तळ 5 चौरस मीटर, उंची 1 मीटर.

"पूर्वेचा माझा," थोरला म्हणाला. "त्याचा हौद कधीही बघा, जास्तच भरलेला. आणि थोरला मी, आधी मी निवडणार."

धाकटा गप्प राहिला. आईनं दोघांना सेंटिमीटरच्या खुणा केलेली एकेक काठी आणि जुन्या दिनदर्शिकेचं एकेक पान दिलं. "सकाळी सातला लाईट येईल. मोटारी एकदमच चालू करा, बागेकडचं पाणी बंद ठेवा आणि लिहीत जा."

थोरल्यानं दर 20 मिनिटांनी काठी बुडवली: 28, 40, 52, 64. धाकट्याला कुठला धीर! त्यानं दर 10 मिनिटांनी बुडवली: 4, 12, 20, 28, 36, 44, 52.

आठ वाजता थोरला पान फडकवत आला. "माझं 64, त्याचं 52. उडी बघ, माझी 12ची, त्याची 8ची!"

"तुझी उडी किती वेळात?"

"वीस मिनिटांत."

"अन् त्याची?"

थोरला थांबला. आईनं धाकट्याच्या पानावरचा एकाआड एक आकडा खोडला. उरले 4, 20, 36, 52. आता दोन्ही पानांवर वीस-वीस मिनिटांचीच पायरी. एकाची 12ची, दुसऱ्याची 16ची.

"पण माझ्या हौदात पाणी जास्त आहे ना?"

"त्यातलं 28 कालचं शिळं. किती आहे ते हौद सांगतो रे, किती येतंय ते बोराला विचारावं लागतं."

पहिल्या दोन आकड्यांतच हे दिसलं असतं, असं कुणी म्हणेल. पण म्हातारीनं पान शेवटपर्यंत तपासायला लावलं, त्यातच तिचं मुरलेपण. बोर सुरुवातीला धो धो ओततो आणि मग धापा टाकू लागतो; वैशाखात तर थोड्या वेळानं नुसती हवा. प्रत्येक पायरीला फरक तेवढाच निघाला, तरच 'इतक्या वेळात इतकं' असं छातीठोक म्हणता येतं. इथे तो निघाला.

वीस मिनिटांत 4 सेंटिमीटर जादा. या हौदात सेंटिमीटरला 50 लिटर, म्हणजे तासाला 600 लिटर. ताशी 4 लिटरचे दीडशे ड्रिपर! थोरल्यानं हे मनातल्या मनात करून टाकलं. डाळिंबवाल्याला हा हिशोब शिकवावा लागत नाही.

नऊच्या ठोक्याला दोन्ही हौद एकदमच काठोकाठ भरले. थोरल्याचा चेहरा उजळला. "बघ, झाली की नाही बरोबरी?"

"तो 24 बोटं... नव्हे, सेंटिमीटर मागून निघाला होता," असं म्हणत आई मोटारी बंद करायला गेली.

थोरला दोन्ही पानं मांडीवर ठेवून बराच वेळ बसला. दुपारी भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आई, थोरला म्हणून मीच आधी निवडायचं, हे काही बरं दिसत नाही. चिठ्ठ्या टाकू."