साल बरोबर, बाकी सगळं चूक

उभा राहा. हो, तूच. मागे वळून काय बघतोस?

तत्त्वज्ञ गोल्डमनच्या, समजूत समर्थनीय कधी ठरते यावरच्या निबंधाचं साल तू १९७९ लिहिलंस. बरोबर आहे, मार्क दिलाय. पण काल स्टाफरूमच्या दारात येऊन "मला माहीतच होतं मॅडम" म्हणालास ना, ते मी ऐकून घेणार नाही. हा बघ तुझा पेपर. आधी १९६३, खोडलंय. मग १९७६, तेही खोडलंय. शेवटी कोपऱ्यात कसंबसं १९७९. याला माहीत असणं म्हणत नाहीत, मटका लावणं म्हणतात!

तेही कुणाच्या बाबतीत, तर गोल्डमनच्या! त्याचं म्हणणंच हे, की समजूत खरी निघाली एवढ्याने ती समर्थनीय ठरत नाही. ती ज्या प्रक्रियेतून आली, ती एरवीही बहुतेक वेळा खऱ्यापाशीच नेते का, ते बघायचं. धड पाहिलेलं, धड आठवलेलं एका बाजूला. मनचे मांडे, घाईचे निष्कर्ष आणि नुसता अंदाज दुसऱ्या बाजूला. अंदाज त्याने यादीत नाव घेऊन घातलाय. आणि त्याच्या उदाहरणातली ती डोंगरी बकरी आठवते? लांबून ओझरती दिसली, की तीस यार्डांवरून नीट न्याहाळली? 'बकरी पाहिली' हे दोन्हीकडे सारखंच, पण भरवसा कशावर ठेवशील? तू तर डोंगराकडेसुद्धा फिरकला नाहीस.

काय म्हणालास? सीनियरच्या नोट्समध्ये वाचलं होतं? बरं. मग प्रक्रिया कोणती धरू? 'नोट्स वाचणं' म्हटलं तर भरवशाची. 'परीक्षेच्या सकाळी बसच्या दांड्याला लोंबकळत, मोबाईलवर नोट्सचा वाकडा फोटो वाचणं' म्हटलं तर दांडी गुल. केलंस एकच, वर्णनं दोन. कोनी आणि फेल्डमन या तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं, की प्रक्रिया मापायची तरी किती सैल आणि किती घट्ट? यावर आजही सगळ्यांना पटेल असं उत्तर नाही. आळशीपणातून का होईना, अडचण मात्र तू खरी गाठलीस.

बाकीच्यांनी हसू नका. तत्त्वज्ञ श्रीहर्षाचं धुक्याचं उदाहरण शिकवलं तेव्हा तुम्हीही डुलक्याच घेत होतात. धुक्याला धूर समजून डोंगरावर आग आहे म्हणायचं, आणि तिथे आग खरोखरच असायची! त्या माणसाला आग कळली होती का? दोघांनीच उत्तर लिहिलंय, त्यातल्या एकाने दुसऱ्याचं बघून.

तू अजून बसू नकोस. १९६३ खोडलंस, ते साल कुणाचं? त्या सालचा तो निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. वर काय बघतोस, छतावर लिहिलेलं नाही.