शिक्षा कोणाला झाली?

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली जात. शरीरसंबंध, संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा ज्या गोष्टी घरात काढायची सोय नव्हती आणि डॉक्टरांपुढेही जीभ रेटत नसे, त्या लोक तिथे पत्राने विचारत. कर्वे सरळ, शास्त्राला धरून उत्तर देत. १९३४ साली या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला.

कर्व्यांना हे नवे नव्हते. १९२१ पासून ते मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवत होते आणि या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली होती. १९३१ साली व्यभिचारासंबंधीच्या एका लेखावरून शंभर रुपये दंड भरून झाला होता. दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळे नुकतेच घडून गेलेले होते. आपल्या माणसांच्या माणूसपणासाठी झगडणाऱ्या या नेत्याला समाजाने वाळीत टाकलेल्या एका संपादकाच्या बाजूने उभे राहावेसे वाटले, याचे मला फार मोल वाटते.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. जे मासिक याच विषयाला वाहिलेले आहे त्याला वाचक प्रश्न विचारणारच, आणि उत्तर द्यायचे नसेल तर मासिक चालवायचे कशाला? असले विकृत प्रश्न छापायचेच कशासाठी, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे होते की विकृती असेलच तर ती ज्ञानानेच जाईल. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

दंड संपादकाने भरला. पण शिक्षा खरोखर कोणाला झाली? सेन्सॉरशिपचा इतिहास आपण लेखकांच्या नावांनी सांगतो. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. तिथे बाजू घेणे सोपे जाते, कारण समोर परके सरकार आहे. कर्व्यांच्या बाबतीत कायदा इंग्रजांचा असला तरी त्यांच्या नावाने बोटे मोडणारे आपलेच सुशिक्षित, संस्कारी लोक होते. आणि ज्याने पत्र लिहिले, किंवा लिहिण्याचे धैर्य गोळा करत होता, त्या माणसाचे नाव खटल्याच्या कागदांत असण्याचे कारणच नव्हते. आपला प्रश्न कोर्टात अश्लील ठरला हे कळल्यावर त्याने पुन्हा कोणाला विचारले असेल? एखाद्या बाईला चौथ्या-पाचव्या बाळंतपणाची धास्ती असेल, तिने तोंड उघडले असेल का? बोलणाऱ्याचे तोंड बंद केले की त्याच्यापाशी काही विचारायला आलेला माणूस निमूट परत फिरतो. त्याचे नुकसान कुठल्याच दप्तरी नोंदले जात नाही. म्हणूनच समाजाला ते जाणवतही नाही.

ज्या कसोटीवर असे खटले चालत, ती इंग्लंडमधल्या १८६८ च्या हिकलिन खटल्यातून आली होती. ज्याचे मन बिघडण्याजोगे आहे अशाच्या हाती हा मजकूर पडला तर तो बिघडेल का, असे ती विचारी. सगळ्यांत कच्च्या मनाचा वाचक गृहीत धरायचा आणि त्याच्या मापाने सगळ्या प्रौढ समाजाचे वाचन बेतायचे. स्वतंत्र भारतानेही ही कसोटी बराच काळ टाकली नाही. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ला इंग्लंडमध्ये १९६० साली निर्दोष ठरवले गेले, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये त्याच कादंबरीच्या विक्रीबद्दलची शिक्षा कायम केली. चंद्रकांत काकोडकरांना ‘रंभा’च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे १९६९ मध्ये ते सुटले. हिकलिनची कसोटी न्यायालयाने बाजूला ठेवली ती २०१४ साली.

या कसोटीतला नैतिक दोष मला कायदेशीर दोषापेक्षा गंभीर वाटतो. ‘हे वाचून मी बिघडेन’ असे कुठलाही तक्रारदार म्हणत नाही. बिघडणार असतात ते नेहमी दुसरे: बायका, तरुण, अडाणी, गरीब. स्वतःच्या विवेकावर भरवसा आणि शेजाऱ्याच्या विवेकावर अविश्वास, एवढ्या भांडवलावर बंदीची मागणी उभी राहते. भले करण्याच्या इच्छेतूनही ती येत असेल, पण दुसऱ्याला कायम अज्ञान बालक ठरवण्याचा अधिकार त्या इच्छेने मिळत नाही.

कर्व्यांनी पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून मरेपर्यंत चालवले. १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. १९५२ मध्ये मात्र भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढच्या वर्षी कर्वे वारले. प्रश्न संपले असे मात्र नाही. २००७ मध्ये याच महाराष्ट्रात संस्कृतीच्या नावाने ओरड झाली आणि शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले गेले.

वाचकहो, एखादे पुस्तक, नाटक किंवा धडा बंद करण्याच्या मागणीवर तुमची सही मागितली गेली, तर लेखकाबद्दल काय वाटते ते क्षणभर बाजूला ठेवा. हे बंद झाले तर कोणाचा प्रश्न अनुत्तरित राहील, तेवढे आधी शोधा आणि मगच सहीचे ठरवा.