ऋण आणि गौरव

निरपेक्ष सेवेचा गौरव करता येतो काय, या प्रश्नात एक अंतर्विरोध आहे. ज्याने कशाचीही अपेक्षा न धरता एखाद्या आखाड्याची माती आयुष्यभर राखली, त्याला उतारवयात शाल-श्रीफळ आणि मानपत्र देणे म्हणजे त्याच्या निरपेक्षतेलाच मोल लावणे नव्हे काय?

हौशी खेळांच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक बोचरा होतो. मल्लखांबाचे उदाहरण घ्यावे. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. पुढे ती तगली ती व्यायामशाळांच्या बळावर. मुंबईच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचे. तेथे मल्लखांबाचे धडे देण्यात हयात घालविलेल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर बिचकणारे मूल पहिल्यांदा मांडीची पकड घेते, त्या क्षणी शिकविणाऱ्याचे कौशल्य पणास लागलेले असते. गुणपत्रिकेत त्याची नोंद होत नाही. खेळाडूचा पराक्रम मोजता येतो. शिक्षकाचा मात्र केवळ सांगता येतो, आणि तोही ज्यांच्या अंगी तो मुरला त्यांनीच सांगावा लागतो. जीवनगौरवाचे स्वरूप म्हणूनच पारितोषिकाहून साक्षीच्या अधिक जवळचे आहे.

सन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अवलंबून असतो, असा आक्षेप ॲरिस्टॉटलने घेतला होता. परमश्रेय माणसाचे स्वतःचे असावे, दुसऱ्याच्या मर्जीवर टिकणारे नसावे, हा त्याचा रोख. हा आक्षेप खरा मानला तरी त्यातून उलटाही अर्थ निघतो: सन्मानात परीक्षा होते ती देणाऱ्याची. भारत सरकारने १९८५ साली क्रीडा-मार्गदर्शकांसाठी पुरस्कार सुरू केला आणि त्याला द्रोणाचार्यांचे नाव दिले. राजाश्रयाने राजपुत्रांना शिकविणारा आणि ज्याला शिकविले नाही त्याचा अंगठा मागणारा हा गुरू! येईल त्या मुलाला आखाड्यात घेणाऱ्या वस्तादाचा वारसा त्या नावाशी कसा जुळावा? (खो-खोतील राष्ट्रीय स्तरावरचा एक पुरस्कार एकलव्याच्या नावाचा आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.)

परंतु नावापेक्षा गंभीर धोका निराळाच आहे. सत्कार झाला की समाजाला ऋणमुक्त झाल्यासारखे वाटते. आपल्या परंपरेतील ऋषिऋणाची कल्पना येथे उद्बोधक ठरावी. ते ऋण ऋषींना परत करावयाचे नसतेच. अध्ययन-अध्यापनाने ते पुढच्यांकडे सोपवावयाचे असते. या अर्थाने पाहिले तर कोणताही पुरस्कार फेड ठरू शकत नाही. फार तर ती ऋणाची जाहीर कबुली होय. आणि कबुली दिल्यावर देणे संपत नाही, उलट ते आता सर्वांसमक्ष नोंदले गेलेले असते.

सत्कारमूर्तींना याची जाण बहुधा अधिक असते. म्हणूनच आभाराच्या भाषणात असे गृहस्थ स्वतःविषयी थोडेच बोलतात. मैदानाच्या जागेविषयी, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराविषयी आणि सायंकाळी शिकवायला कोणी तरुण मिळत नाही याविषयी मात्र बरेच बोलतात. श्रोते त्यातील विनयाला टाळ्या देतात. खरे तर तो विनय नसतो, मागणी असते.